परत जाणारा ढग

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, मी ढग लहान करते. लोक हसतात. खोटं काही नाही त्यात. बुलढाण्यात एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत आमची कचेरी आहे आणि तिथे बसून मी उपग्रहाचं चित्र शेतकऱ्याच्या मोबाइलवर मावेल एवढं करते. मूळ चित्रात अरबी समुद्रापासून ब्रह्मदेशापर्यंत सगळं असतं, अक्षांश-रेखांशांच्या पिवळ्या रेघा असतात, कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत वेळ असते. ते सगळं मला चार बोटं रुंद जागेत बसवायचं. त्यातही वर रेंज आणि बॅटरी, खाली बटणं. मधे जे उरेल त्यात आभाळ.

माणसाला देश नको असतो, त्याला त्याचं गाव हवं असतं. सोनाळ्याचा माणूस फोन करून विचारतो, यात सोनाळा कुठे आहे. चित्रातल्या एका ठिपक्यात सोनाळा, त्याचं शिवार आणि शेजारची एक-दोन गावं सहज जातात, असं सांगितलं की त्याचा माझ्यावरचा विश्वास तिथेच उडतो. बरं, नावं लिहावीत, तर 'संग्रामपूर' ही अक्षरं अख्ख्या तालुक्यावर पसरून बसतात आणि ज्या ढगाचा घोर लागलाय तोच नेमका नावाखाली झाकला जातो. नावं काढावीत, तर ते चित्र बुलढाण्याचं की बंगालचं, सांगता येत नाही. बोटांनी मोठं करून पाहा म्हणावं, तर कामाने जाड झालेला अंगठा पडद्यावर टेकला की मोताळा, नांदुरा, मलकापूर एकदम गडप. भर दुपारी शेतात तर काही दिसतच नाही. बाया डोक्यावरचा पदर पुढे ओढून त्याच्या सावलीत फोन पाहतात, हे मी स्वतः पाहिलंय.

रंगांनीही नाकी नऊ आणले. उंचावरचे थंड ढग यंत्र लाल दाखवायचं, तर सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं की लाल म्हणजे ऊन. म्हणून आम्ही ते निळे केले. मग फोन आले की धरणं एवढी कशी भरली. शेवटी जांभळे केले. वेळ दिसायची ती जगाची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची, म्हणून लोक म्हणायचे, तुमचं चित्र शिळं आहे. तीही बदलली. मी चिडखोर आहे, पण या लोकांवर चिडायचं कारण नव्हतं. मी स्वतः भूगोल शिकलेली, तरी पहिल्या दिवशी ते चित्र मला आईने जात्याभोवती सांडलेल्या पिठासारखंच दिसलं होतं.

मग आमच्या साहेबांना हलतं चित्र सुचलं. थांबलेल्या चित्राकडे कुणी पाहत नाही, लोकांना हलतं पाहिजे, हे ते कुठल्याशा प्रशिक्षणातून ऐकून आले होते. मी गेल्या तीन तासांची सहा चित्रं एकामागे एक लावली. सहावं संपलं की पुन्हा पहिलं. त्याहून जास्त लावली की स्वस्तातले फोन अडकायचे. साहेब खूश झाले. कचेरीतल्या सगळ्यांनी पाहिलं, वा म्हटलं आणि चहा मागवला. ते हिवाळ्याचे दिवस होते. पुढचे कितीतरी आठवडे त्या सहा चित्रांत ढगाचं बोटभरही पांढरं नव्हतं, आणि कोरं आभाळ आमच्या पडद्यावर गरगर फिरत राहिलं. तेही लोक आवडीने पाहत.

आमचं गाव वरवट बकाल आणि सोनाळा यांच्या मधलं, उत्तरेला सातपुडा. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आबा, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. शेत पाऊण कोसावर. आमच्या घरात विचारायची पद्धत होती. शेतातलं कुठलंही काम सुरू करायच्या आधी कर्त्या माणसाला विचारायचं. विचारायचं म्हणजे परवानगी मागायची असं नव्हे. भाऊ आज डवरणी करून पिकातलं तण काढणार हे आबांना कालपासून माहीत असायचं, बैल जुंपलेले असायचे, तरी तो ओसरीपाशी थांबून विचारायचा, डवरू का. आबा म्हणायचे, डवर. संपलं. पण मनात नसलं की विचारायचे, "काऊन? घाई हाय का?" आणि तिथे जुंपायची. दोघांचे आवाज गावाच्या टोकाच्या बुद्धविहारापर्यंत जायचे. भाऊ म्हणायचा, तुमाले आताच्या शेतीतलं कळत नाही. आबा म्हणायचे, मंग इचारतं कायले बे. शेवटी कधी याचं खरं व्हायचं, कधी त्यांचं, आणि दुपारी दोघं एकाच ताटलीतली मिरची वाटून खायचे. मी सुट्टीत आले की मला वाटायचं, हे लोक एवढे भांडतात तर एकत्र राहतात कशाला. तेव्हा मला शहाणपण जरा जास्त होतं.

हलतं चित्र येण्याच्या दोनेक वर्षं आधी आबा एका सकाळी गोठ्यातच पडले. अकोल्याच्या दवाखान्यातून परत आणले तेव्हा त्यांचं उजवं अंग गेलं होतं आणि जीभ जड झाली होती. शब्द यायचा, पण एकेक, ओढून काढावा तसा. आधी आधी भाऊ खाटेपाशी जाऊन विचारायचा. आबा उत्तर जुळवेपर्यंत ट्रॅक्टरवाला गल्लीत भोंगा वाजवायचा, मजुरणी दारात ताटकळायच्या. मग भाऊ विचारायचा आणि उत्तराआधीच निघायचा. मग जाताना नुसता सांगून जायचा. मग तेही राहिलं. कुणी मुद्दाम केलं नाही. माझी भावजय त्यांचं सगळं करायची, अंघोळ, जेवण, पाठीला तेल, त्यात कसूर नव्हती. पण घरातली माणसं त्यांच्याशी बोलताना आवाज चढवून आणि शब्द तोडून बोलू लागली, जसं बहिऱ्याशी किंवा लेकराशी बोलतात. मीही तशीच बोलायची. त्यांना ऐकू उत्तम येत होतं.

हलतं चित्र आलं त्या हिवाळ्यात मी माझा जुना फोन त्यांना दिला. सहज दिला, वेळ जावा म्हणून. खाटेवर बसून मी दाखवलं, ही वरची काळपट पट्टी म्हणजे सातपुडा, डावीकडे खानदेश, उजवीकडे अकोला, आपण या इथे. रंग समजावले, वेळ कुठे पाहायची ते सांगितलं. आबांनी फोन छातीशी धरला आणि डाव्या अंगठ्याने हळूहळू चित्र सरकवायला शिकले. मला वाटलं होतं चार दिवसांत कंटाळतील. कंटाळणं राहिलं बाजूला, चित्र यायला जरा उशीर झाला की मला मिस कॉल यायचा. मी फोन केला की जड जिभेने म्हणायचे, तुहं आभाळ आज कुठं गेलं. एरवी कोरं असायचं तेव्हा म्हणायचे, आज आभाळाले काई काम नाही. विनोद करायला त्यांना बराच वेळ लागायचा, आणि मी फोन धरून थांबायची. आजारानंतर ते पहिल्यांदाच विनोद करत होते, आणि माझ्या त्या चार बोटांच्या पडद्याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

हरभरा मार्चच्या तोंडाशी सोंगणीला, म्हणजे कापणीला आला. आमच्याकडे हरभरा पहाटेच्या दवात सोंगतात, म्हणजे घाटे तडकत नाहीत. त्या दिवशीही बाया अंधारातच शेतात गेल्या होत्या आणि ऊन चढेपर्यंत सगळं वावर सोंगून झालं होतं. सोंगलेलं झाड शेतभर लहान लहान ढिगल्यांनी पडून होतं. आता प्रश्न असा, की त्या ढिगल्या आजच गोळा करून गंजी लावायची आणि ताडपत्रीने झाकायची, की दोन दिवस उन्हात तशाच वाळू द्यायच्या. झाड अजून ओलसर होतं. ओलं झाकलं की आत तापतं आणि बुरशी धरते. उघडं ठेवलं आणि पाऊस आला, तर दाणा काळा पडतो. वर आभाळ स्वच्छ होतं आणि ऊन कडक. भाऊ जेवायला घरी आला तो या विचारातच. मजुरणी अंगणात बसल्या होत्या, थांबायचं की घरी जायचं ते ऐकायला.

हे सगळं मला नंतर भावजयीने सांगितलं. तीच भावाला म्हणाली, आबांना विचारा, ते सकाळपासून तेच पाहत बसलेत. भाऊ हात धुऊन ओसरीवर गेला आणि दीड वर्षात पहिल्यांदा खाटेपाशी उकिडवा बसला. विचारलं, आबा, गंजी लावू का राहू देऊ. ट्रॅक्टरवाला नव्हता, भोंगा नव्हता, म्हणून उत्तराची वाटही पाहिली. आबांनी फोन त्याच्यापुढे धरला. मग बोटाने पडद्यावर पुढे गेल्याची खूण केली, मागे आल्याची खूण केली आणि म्हणाले, "येते... अन् परत जाते. सकाळपासून. राहू दे." अंगणातल्या बायांनीही ते ऐकलं. त्यातली एक म्हातारी म्हणाली, आबा धड बोलले हो आज. भावजय सांगत होती, आबांनी मग दोन पोळ्या खाल्ल्या, आणि तिसरी मागितली.

मी तेव्हा कचेरीत होते आणि माझ्या पडद्यावर खानदेशाकडून ढग येत होता. चांगला घट्ट, जांभळा, त्याची पुढची कड मलकापूरकडे. दर अर्ध्या तासाला नवं चित्र येत होतं आणि दर चित्रात कड पूर्वेला सरकत होती. शंकेला जागाच नव्हती. मी लगेच भावाला फोन लावला. त्याच्या फोनचा कानाला लावायचा आवाज कधीचा गेलेला, त्यामुळे तो सगळ्यांशी स्पीकरवरच बोलतो आणि गल्लीला आमच्या घरची खबर असते. मी म्हटलं, सगळं गोळा करून झाक, संध्याकाळच्या आत येईल. तो म्हणाला, आबा तं म्हणतात ढग परत जाऊन राह्यले.

मला काही कळेना. परत जाऊन राहिले म्हणजे काय? ढग काय पाहुणा आहे? मी म्हटलं, तू काय बोलतोस. तो म्हणाला, त्यायनं मले दाखवलं, फोनवर, तुह्याच चित्रात. मी चिडून माझा मोबाइल काढला आणि मीच केलेलं ते चित्र उघडलं. कचेरीच्या मोठ्या पडद्यावर मी सहा चित्रं वेगवेगळी पाहायची. मोबाइलवर, खऱ्याखुऱ्या ढगाचं हलतं चित्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते. ढग खानदेशातल्या जळगावकडून निघाला, सरकत सरकत आमच्या जिल्ह्याच्या कडेला आला, आणि पटकन मागे जळगावला गेला. पुन्हा निघाला, पुन्हा कडेला आला, पुन्हा मागे. सहावं संपून पहिलं सुरू होत होतं, बस. आबा सकाळपासून हेच पाहत होते. ढग येतो, आपल्या शिवेला शिवतो आणि परत जातो. जे दिसत होतं ते त्यांनी बरोबर सांगितलं होतं.

मी भावाला समजावलं, ढग परत जात नाही रे, चित्र पुन्हा पहिल्यापासून लागतं, जसं गाणं संपून पुन्हा सुरू होतं तसं. त्याला लगेच कळलं. तो तसा हुशार आहे. पलीकडे शेळ्यांचा आवाज येऊ लागला, म्हणजे तो उठून परसात गेला असावा.

मग तो हळू म्हणाला, "ताई, दीड वर्षानं त्यायले कोणी इचारलं अन् त्यायनं सांगतलं. मी आता बायायसमोर त्यायले खोटं पाडू?"

मी म्हटलं, मग काय हरभरा भिजू द्यायचा का.

"हरभरा वाळवता येते," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला, त्याने उचलला नाही. भावजयीला लावला, तर तिचा फोन मुलीकडे होता आणि मुलगी शाळेत. मग आबांना लावला. घंटी पूर्ण वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मला वाटलं, जेवून झोपले असतील. खरं सांगायचं तर त्यांनी उचलला असता तर मी काय बोलले असते, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण निदान बोलले तरी असते.

त्यानंतरची दुपार मी कधी विसरणार नाही. गावाला निघावं तर जळगाव जामोदवरून फिरून जाणारी एसटी पोहोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार. कचेरीत बसून दर अर्ध्या तासाने नवं चित्र कापायचं, रंगवायचं आणि सोडायचं, एवढंच माझ्या हातात होतं. सोबत मी मोठ्या अक्षरांत ओळ टाकली, ढग पुढे सरकत आहे, काढलेला माल झाका. नंतर कळलं, पुष्कळ लोकांनी झाकलाही. ज्यांना मी ओळखत नाही, ज्यांची गावं माझ्या चित्रात ठिपक्याएवढीही नाहीत, त्यांचा माल वाचला. आणि ज्या एका वावरात माझी आई राबली, ते उघडं पडलं होतं आणि ढगाची कड प्रत्येक चित्रात त्याच्याकडे सरकत होती. मलकापूर गेलं. नांदुरा गेला. मी आभाळ पुसून टाकावं तसा हाताने पडदा पुसला. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, मॅडम, धूळ बसली का. मी हो म्हटलं.

पूर्वी ढग डोक्यावर आला की माणूस धावायचा, ओरडायचा, भिजायचा, काहीतरी करायचा. आता तो खानदेशातून निघाल्यापासून दिसतो, आणि आपण हात चोळत बसून त्याची वाट पाहायची. साहेब म्हणतात आधी कळणं म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं कुणी करायचं, ते त्यांच्या प्रशिक्षणात सांगितलं नसावं.

गावात दिवस मावळायच्या आधी आधी धूळ उठली. मग वारा, मग पाऊस, मधे थोडा वेळ बोराएवढ्या गारा. भावजयीने सांगितलं, भाऊ उंबऱ्यात बसून होता. ताडपत्री घडी घालून ठेवलेली तशीच त्याच्या पाठीमागे होती. गल्लीतला एक जण ओरडत गेला, अरे तुहा हरभरा उघडा हाय ना, तर याने नुसता हात वर केला. आबा ओसरीवर खाटेवर होते. फोन उलटा करून छातीवर ठेवलेला. दोघांच्या मधे चार हात जागा होती आणि सगळा वेळ दोघांपैकी कुणी दुसऱ्याकडे पाहिलं नाही. पत्र्यावर एवढा आवाज होता की बोलले असते तरी ऐकू आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांशी भांडले. ते म्हणाले, एवढं काय, शेवटी एक बाण टाका. मी पाच-सहा गावांत ओळखीच्या लोकांना फोन करून विचारलं, हे हलतं चित्र तुम्हाला कसं दिसतं. रोहिणखेडचे एक काका म्हणाले, मले तं वाटे ढग गिरक्या घेते. दुसऱ्या एका बाईंना वाटलं होतं, वारा फिरला की ढग मागे जातो. कुणालाच विचित्र वाटलं नव्हतं, म्हणून कुणी विचारलं नव्हतं. मग मी ते बदललं. आता शेवटचं चित्र थांबतं, त्यावर 'आत्ता' असं लिहून येतं, मग पडदा क्षणभर काळा होतो आणि 'तीन तासांपूर्वी' असं लिहून पुन्हा सुरू होतं. छान झालंय असं सगळे म्हणतात. मला ते पाहवत नाही.

पुढच्या रविवारी मी गावी गेले. हरभरा तोवर उलटून-पालटून वाळवला होता आणि मळणीही झाली होती. दाणा थोडा काळवंडला होता, खालचा थोडा उगवून वाया गेला होता, पण घर बसलं नव्हतं. तेवढ्यापुरतं भावाचं म्हणणं खरं ठरलं होतं. तो मला बसस्टँडवर घ्यायला आला आणि वाटेत हरभऱ्याचा विषय त्याने काढला नाही. फक्त घराजवळ गाडी हळू करून म्हणाला, ताई, आबाले काई सांगू नको, त्यायले वाटते पाऊस फिरून आला. माझा संताप संताप झाला होता, दोघांना समोरासमोर बसवून सुनवायचं असं ठरवून मी आले होते. पण त्याचं ते हळू बोलणं ऐकून मी म्हटलं, बरं.

आबा ओसरीवरच होते. दाढी केलेली, अंगात धुतलेली बंडी. फोन उशाशी होता, पण बंद. मी म्हटलं, चार्जिंग संपली का. त्यांनी मान हलवली, नाही. मी खाटेवर बसून माझ्या फोनवर नवं चित्र दाखवलं. हे पाहा, आता इथे थांबतं, इथे काळं होतं, म्हणजे चित्र नव्याने लागलं, ढग परत गेला नाही. हरभऱ्याबद्दल बोलायचं नव्हतं म्हणून मी सगळं फार सावधपणे, मोठ्या आवाजात, शब्द तोडून सांगत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग डाव्या हाताने माझा फोन बाजूला सारला.

"त्या दिवशी... तुहा आवाज मले आला," ते म्हणाले. "त्याच्या फोनातून. समदा आला."

मी एवढंच विचारलं, मग मी फोन केला तो उचलला का नाही, त्याला बोलावून का नाही सांगितलं की जा, गोळा कर.

त्यांना उत्तर जुळवायला पुष्कळ वेळ लागला. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली ती मी पदराने पुसली. आत भावजय भाकरी थापत होती.

"मी वाट पाहत होतो," ते म्हणाले. "येईन तो. म्हणंन, आबा, चुकलं तुमचं. तुमाले कळत नाही. पयले म्हणे ना तसा." मग थांबले, श्वास घेतला. "पयलेसारखा भांडंन म्हून वाट पाह्यली. नाही आला. वावर भिजू देल्लं... पण भांडला नाही माह्यासंग."

मी म्हटलं, आबा, त्याला तुमचं मन मोडायचं नव्हतं. हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा मोठ्याने बोलते आहे.

"तेच म्हणतो मी," आबा म्हणाले.

तेवढ्यात भाऊ गाडी लावून अंगणात आला. पायऱ्या चढून खाटेपाशी उकिडवा बसला आणि गोड आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्याने विचारलं, "आबा, उद्या गहू पाहून येऊ का?" गहू काढायला अजून आठवडा होता, हे शहरात राहून मलाही कळत होतं. आबा म्हणाले, "ये पाहून." भाऊ समाधानाने माझ्याकडे बघून हसला आणि हातपाय धुवायला मागे गेला.

तो दिसेनासा होईपर्यंत आबा थांबले.

"आता रोज इचारते," ते म्हणाले. "मीबी सांगतो काई तरी. त्याले बरं वाटते."